खंडेनवमीची पाकिटं

"त्याला हात लावू नका, ताई," कॉम्प्युटरच्या दुकानाचे यासीनभाई फोनवर म्हणाले. मागे बँडचा आवाज येत होता. "मी कऱ्हाडात लग्नाला आलोय. उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी तुमच्याकडंच येतो. तोवर आहे तसं चालू द्या."

"पण ते पान बंद पडणार म्हणतंय."

"कधी?"

"'लवकरच' असं लिहिलंय."

"मग उद्यापर्यंत काय होत नाही. लवकरच म्हणजे त्यांचं लवकरच."

फेब्रुवारीतला रविवार होता. सकाळचे साडेनऊ वाजले होते. मी विट्याला, आईअण्णांच्या घरी, अण्णांच्या कॉटशेजारी उभी होते. पावणेबाराची पुण्याची गाडी पकडायची होती. कॉलेजच्या ग्रंथालयात सोमवारी नवी पुस्तकं यायची होती आणि ती मीच ताब्यात घ्यायची, असा माझा हट्ट असे. दर शनिवारी दुपारी यायचं आणि रविवारी निघायचं, असं माझं तेव्हा चाललं होतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एकवीस वर्षं एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. गाड्या लावायच्या, सोडायच्या आणि त्यांची घोषणा करायची, हे त्यांचं काम. मुक्कामाला येणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हरसुद्धा त्यांचा आवाज ओळखायचे. दीड वर्षापूर्वी तो आवाज जड झाला. आम्हाला वाटलं दाताचं काहीतरी असेल. मग कळलं की स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात असा तो आजार आहे, आणि त्याला औषध नाही. आधी बोलणं गेलं, मग पाय, मग डावा हात. त्या फेब्रुवारीत उजव्या हाताचं पहिलं बोट तेवढं त्यांच्या हुकमात उरलं होतं.

त्या बोटाखाली बशीएवढं एक लाल बटण असायचं. त्याची वायर कॉम्प्युटरला जोडलेली. पडद्यावर, इंटरनेटवरच्या एका पानात, अक्षरं ओळीनं उजळत जायची. हवं ते अक्षर उजळलं की अण्णा बटण दाबायचे. असं करत वाक्य पुरं झालं की कॉम्प्युटर ते मोठ्यानं म्हणायचा. आवाज बाईचा होता. पहिल्या दिवशी सगळं जोडून झाल्यावर अण्णांनी वीस मिनिटं खर्चून जे वाक्य तयार केलं ते असं होतं: "कृपया लक्ष द्या. आठचा चहा फलाट क्रमांक एकवर अद्याप लागलेला नाही."

आई स्वयंपाकघरात होती. ती हसत बाहेर आली आणि पदर डोळ्याला लावून परत आत गेली. "आता बाईच्या आवाजात आरडा माझ्यावर," असं आतून म्हणाली.

तर त्या पानाच्या वरच्या कडेला गेला महिनाभर एक पिवळी पट्टी येत होती. तुमचा ब्राउझर जुना आहे, लवकरच हे पान त्यावर चालणार नाही. ज्या प्रोग्रॅममध्ये ते पान उघडायचं तो नवा करायला गेलं की तो म्हणायचा, आधी कॉम्प्युटरची मूळ यंत्रणा नवी करा. यंत्रणा तर रोजच विचारायची. खाली दोन बटणं: 'आता करा' आणि 'नंतर आठवण करून द्या'. अण्णा रोज सकाळी आईला दुसरं दाबायला लावत. शिवाय उजव्या कोपऱ्यात लाल चौकोन उगवायचा: आपला संगणक धोक्यात आहे.

मी अण्णांना विचारलं, "करू का मी? अर्ध्या तासाचं काम आहे."

अक्षरं उजळू लागली. मी घड्याळ बघायचं टाळलं. पाच मिनिटांनी ती बाई म्हणाली, "चालू गाडीचं चाक बदलत नाहीत."

"गाडी थांबवून बदलू की."

पुन्हा अक्षरं. या वेळी थोडा कमी वेळ लागला.

"स्टेपनी आहे का?"

मी हसले. अण्णांचे डोळेही हसले.

"बरं. आणि ते काय लिहिताय रोज? आई सांगत होती, दुपारी तास-तास बटण चालू असतं आणि बोलत मात्र काही नाही."

"गाडी अजून आगारातच आहे," बाई म्हणाली.

गेले तीन आठवडे ते काहीतरी मोठं लिहीत होते. बोलून न दाखवता ते त्या पानातून कॉम्प्युटरमध्येच साठवून ठेवत होते. मी फार खोदून विचारलं नाही.

मग आईनं त्यांचं अंग पुसून घेतलं, कूस बदलली, आणि अण्णांनी डोळे मिटले. आई कपडे घेऊन मागच्या मोरीत गेली. मी कॉम्प्युटरसमोर बसले. पिवळी पट्टी होती, लाल चौकोन होता. मला पुण्यात बसून ते पान बंद पडल्याची बातमी ऐकायची नव्हती. सूचना नीट वाचून, एकामागून एक, सांगतील तसं करायचं, हे मला आयुष्यभर जमत आलं होतं. ग्रंथालयातली सगळी यंत्रणा मीच तशी बसवली होती. कॉटकडे एकदा बघितलं. दहा वाजून अकरा मिनिटांनी 'आता करा' दाबलं.

चाळीस टक्के झाले. सत्तर झाले. कॉम्प्युटर बंद होऊन परत सुरू झाला. पांढऱ्या ठिपक्यांचं कडं फिरत राहिलं. मग काळा पडदा आला आणि त्यावर माउसचा पांढरा बाण. बाण हलवता येत होता, दुसरं काहीही नव्हतं. मी बंद करून परत लावला. या वेळी काळ्यावर तीन चौकटी उमटल्या, एकीवर एक. पहिली म्हणत होती, घातक प्रोग्रॅम सापडला, अडवला आहे. तिनं नाव दिलं होतं ते दुसऱ्या चौकटीच्या प्रोग्रॅमचं. तिसरी म्हणत होती, यंत्रणेत अनधिकृत बदल झाला आहे. मग तिन्ही विझल्या.

तिन्ही कुठल्या ते मला ठाऊक होतं. समोरच्या फळीवरच अँटिव्हायरसची तीन पाकिटं होती.

खंडेनवमीला आगारात पान्यांची, जॅकची, गाड्यांची पूजा होते. निवृत्त झाल्यावर अण्णांकडे हत्यार म्हणावं असा कॉम्प्युटरच राहिला होता. त्याला झेंडूचा हार घालायचा, आणि त्याच दिवशी यासीनभाईंनी आणलेलं अँटिव्हायरसचं नवं पाकीट पुढ्यात ठेवून, हळदकुंकू वाहून, मग ते कॉम्प्युटरमध्ये घालायचं, असा त्यांनी रिवाज पाडला. जुन्याचीच मुदत वाढवून घ्या, असं मी म्हटलं होतं. "रिमोल्ड टायरवर माझा विश्वास नाही, वैजू," असं म्हणाले. त्या वेळी स्वतःच्या आवाजात. दर वर्षी पाकीट नवं, कंपनीही वेगळी. दुसऱ्या वर्षी यासीनभाई म्हणाले, "अण्णा, जुना काढून टाकतो. दोघं एकमेकांच्या पायात येतात." अण्णांनी साफ नकार दिला. पूजा केलेली वस्तू अशी उपटून टाकायची नसते. वॉचमन दोन असले म्हणून काय बिघडलं? तिसऱ्या वर्षी यासीनभाईंनी विचारलंच नाही. मुदत संपलेले दोन आणि चालू असलेला एक, असे तिघं आत बसून होते, आणि जुन्या यंत्रणेत त्यांचं कसंबसं निभत होतं.

आई हात पुसत आली. "काळा का झाला गं?"

"अपडेट सुरू झालं," मी म्हणाले. "आपोआप."

ती कॉम्प्युटरकडे बघत राहिली. अण्णा जागे झाले होते. बोट बटणावर होतं. त्यांनी दाबलं. बटणाचा टक् असा आवाज झाला आणि बाकी काहीच झालं नाही. परत दाबलं.

"थांबा अण्णा," मी म्हणाले. "थोडा वेळ लागेल."

पुण्याची गाडी गेली. मी नव्या पाकिटावरच्या नंबरला फोन लावला.

"आपल्या पाकिटाच्या मागचा सोळा अंकी क्रमांक सांगाल, मॅडम?"

मागच्या चिठ्ठीवर चार महिन्यांपूर्वीचं कुंकू पक्कं बसलं होतं. मी ओल्या कापसानं पुसायला गेले तर कुंकवाबरोबर शाई निघायला लागली. आई बॅटरी धरून उभी राहिली.

"हा तीन आहे की आठ?"

"आठ दिसतोय," आई म्हणाली. "पूजेला मीच बोट जरा जास्त टेकवलं बाई."

आठ नव्हता, तीनही नव्हता. पाच होता. तो सापडेपर्यंत फोन दोनदा तुटला. शेवटी जो मुलगा बोलला त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की हा दोष यंत्रणेच्या नव्या अपडेटचा आहे, त्यांच्याकडे तक्रार करा. यंत्रणेच्या लोकांकडे पाऊण तास गाणं ऐकल्यावर एक बाई आल्या. त्या म्हणाल्या, आमच्या अपडेटमध्ये दोष नाही, आपण बाहेरचे सुरक्षा प्रोग्रॅम काढून टाका, मग सगळं सुरळीत चालेल.

"काढायला कॉम्प्युटर उघडायला तर हवा."

"हो, मॅडम."

"तो त्यांच्यामुळे उघडत नाहीये."

"बरोबर आहे, मॅडम. म्हणूनच ते काढायला हवेत."

"माझे वडील त्या कॉम्प्युटरमधून बोलतात. त्यांना दुसरा आवाज नाही."

मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मला फार वाईट वाटतंय, मॅडम. मी तक्रार नोंदवून घेते. बाहत्तर तासांत आपल्याला फोन येईल."

शेजारच्या तोडकरांचा लॅपटॉप आणला. पान उघडलं, पण लाल बटण त्याला ओळखू येईना. आईनं अंकलिपी आणली आणि अक्षरांवरून बोट फिरवत बसली. हो म्हणायचं असेल तर अण्णा डोळे वर करायचे, नाही असेल तर मिटून घ्यायचे. एवढी खूण आमच्यात आधीपासून होती. पहिल्या शब्दाला बारा मिनिटं लागली. शब्द होता 'पाणी'. पुढचा शब्द सुरू करायच्या आधी त्यांना धाप लागली, तेव्हा आईनं पुस्तक मिटलं.

सोमवारी आठच्या आधी यासीनभाई आले. जमिनीवर मांडी घालून कॉम्प्युटरसमोर बसले. कसल्याशा कळा एकत्र दाबून त्यांनी तो अर्धवट उघडला आणि आतली याद्यांची पानं वर-खाली करत राहिले. मी मागे उभी होते. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. रविवार, दहा वाजून अकरा मिनिटं. पुढे लिहिलं होतं की वापरणाऱ्यानं स्वतः सुरू केलं.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग ते पान बंद केलं.

"काय झालंय?" आईनं विचारलं.

"तिघं भांडलेत, काकी."

"मग तीन-तीन बसवून कशाला दिले तुम्ही? तुम्ही जाणते. त्यांना काय कळतंय त्यातलं? तुमच्यावर सोडून बसलो होतो आम्ही." आईचा आवाज चढत गेला. गेल्या दीड वर्षात ती कुणावरही ओरडली नव्हती. डॉक्टरवर नाही, देवावरही नाही. "दर दसऱ्याला या घरात जेवून गेलात, आणि त्यांचा आवाज घालवलात."

"चुकलं माझं, काकी," यासीनभाई म्हणाले. "अण्णांचं ऐकायला नको होतं मी."

मी फळीवरची पाकिटं सरळ लावत राहिले. अण्णा छताकडे बघत होते.

दिवसभर यासीनभाई तिथेच बसून होते. दुकान उघडलंच नाही. त्या रात्री अण्णांना ताप चढला. मंगळवारी यासीनभाईंनी कॉम्प्युटर दुकानात नेला आणि संध्याकाळी एकटेच परत आले.

"सगळं पुसून नव्यानं भरावं लागतंय," ते मला अंगणात म्हणाले. "त्याशिवाय उघडणार नाही."

"त्यांनी लिहून ठेवलंय त्यात. तीन आठवड्यांचं."

"ते काढता आलं असतं तर मी तुम्हाला विचारायला आलो नसतो, ताई. तिसऱ्या पाकिटानं सगळ्या फायलींना कुलूप घातलंय, सुरक्षित राहाव्यात म्हणून. आणि किल्ली त्याच्याच पोटात. मी सांगलीच्या दोघांना विचारलं. पुण्यात पाठवू म्हणाल तर पाठवतो. पंधरा दिवस म्हणतात. निघेलच असं सांगत नाहीत."

पंधरा दिवस. मी आत गेले. अण्णांच्या कपाळावर ओली घडी होती. मी खुर्ची जवळ ओढली.

"अण्णा, कॉम्प्युटर दोन दिवसांत सुरू होईल. पण तुम्ही लिहिलेलं सगळं जाईल. थांबायचं म्हटलं तर पंधरा दिवस, आणि तरी मिळेल असं नाही. पुसायचं का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग परत माझ्याकडे. डोळे मिटले नाहीत. आईनं तोंड फिरवून घेतलं. मग त्यांनी डोळे वर केले.

गुरुवारी सकाळी यासीनभाई कॉम्प्युटर छातीशी धरून घेऊन आले. सगळं जोडलं. यंत्रणा नवी, ब्राउझर नवा, अँटिव्हायरस एकच. पिवळी पट्टी नाही, लाल चौकोन नाही. कोपऱ्यात हिरवी खूण होती आणि खाली लिहिलं होतं, आपला संगणक सुरक्षित आहे. यासीनभाईंनी स्वतःच्या बोटानं बटण दाबून बघितलं.

"नमस्कार," बाई म्हणाली.

आईनं देवापुढे साखर ठेवली. मग येऊन अण्णांचा हात उचलला, बोट बटणावर नीट ठेवलं आणि म्हणाली, "बोला आता. काय बोलायचंय ते बोला. चार दिवस फार शांतता झाली घरात."

अक्षरं उजळायला लागली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. शेवटपर्यंत जाऊन परत पहिल्यापासून सुरू झाली. अण्णांचं बोट बटणावर होतं. नखाखाली जराशी थरथर दिसत होती. टक् आवाज आला नाही.

"घाई नाही," यासीनभाई म्हणाले. त्यांनी अक्षरांचा वेग कमी केला. मग बटण उघडून आतली स्प्रिंग ढिली केली. मग स्प्रिंग काढूनच टाकली आणि त्या जागी स्पंजाचा तुकडा ठेवला. बोट तसंच राहिलं. बटण हनुवटीखाली धरून बघितलं, गालाला लावून बघितलं. दर खेपेला अक्षरं मुकाट्यानं उजळत होती आणि पुढे जात होती. अण्णांच्या कपाळावर घाम आला तेव्हा आई म्हणाली, "पुरे. दमवू नका त्यांना."

दुपारी डॉक्टर येऊन गेले. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले.

"रविवारपर्यंत ते बोट चालत होतं," मी म्हणाले.

"ताप येऊन गेलाय. आणि आजार पुढे सरकतोच. आज नाही तर महिन्यानं हे होणारच होतं."

"पण चार दिवस बटण नव्हतं म्हणून—"

"तसं सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "तसं नाही, असंही सांगता येत नाही."

ते मला पुढे पुष्कळ डॉक्टरांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. नऊ वर्षांत त्या वाक्याच्या पलीकडे मी गेलेले नाही.

चारच्या सुमाराला आई गिरणीत गेली. कॉम्प्युटर चालूच होता. अक्षरं फिरत होती, ती बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी कॉटच्या कडेवर बसले. अण्णांचा हात हातात घेतला. तो ऊन होता आणि वजनाला फार हलका होता. सोमवारी यासीनभाई जमिनीवर बसून आईचं बोलणं ऐकून घेत होते, ते मला सारखं दिसत होतं. त्यांनी नंतरही कधी दहा वाजून अकरा मिनिटांचा विषय काढला नाही, मला एकटीला गाठूनसुद्धा नाही.

"अण्णा," मी म्हणाले, "ते आपोआप झालं नव्हतं. बटण मी दाबलं."

मी प्रश्न विचारला नव्हता. तरी अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळे वर केले.

हो.

म्हणजे ते झोपले नव्हते. त्या रविवारी, मी कॉटकडे एकदा बघून घेतलं तेव्हा, मिटलेल्या डोळ्यांनी ते जागे होते. खुर्ची सरकल्याचा आवाज त्यांनी ऐकला असणार, माउसचा ऐकला असणार. थांब म्हणायला त्यांच्याकडे एक बोट होतं, आणि पाच मिनिटं लागली असती. किंवा त्यांनी मला करू दिलं. किंवा असंही असेल की त्यांना नंतर कळलं, माझ्या चेहऱ्यावरून.

यातलं काय खरं, हे 'हो' आणि 'नाही' यांतून काढता आलं असतं. मी एकेक करून विचारायला हवं होतं. तेव्हा जागे होतात का? रागावलात का? लिहीत होतात ते माझ्यासाठी होतं का? पहिला प्रश्न माझ्या ओठांवर आलाही. पण प्रत्येक प्रश्नाला त्यांनी हो म्हटलं असतं तर त्याच्या पुढचं सगळं त्यांच्या आतच राहणार होतं, आणि ते तिथे आहे हे आम्हा दोघांना कळून चुकलं असतं. ते माझ्याकडे बघत होते. वाट बघत होते, असं मला आता वाटतं. अक्षरांची एक पूर्ण फेरी झाली. दुसरी सुरू झाली.

"उशी वर घेऊ का?" मी विचारलं.

त्यांनी डोळे वर केले. मी उशी वर घेतली.